ऐनवेळचे विषय

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.
सूचक, मिस ट्रेव्हिस. अनुमोदक, दोघंतिघं एकदम.
हॉलची जमीन नवी आहे, ओकची,
बूट बाहेर काढावेत अशी पाटी लागली आहे.
इतक्या वर्षांत या गावात
मला सगळ्यांच्या आधी जमलेली ही पहिलीच गोष्ट.

विषय पहिला, तळ्याकाठचा बाक.
दिवंगत जज्जसाहेबांच्या नावाची पितळी पट्टी
तळ्याकडे तोंड करून असावी की चर्चकडे?
पंचवीस मिनिटं.
बदकांचा कुणी विचार केला नाही,
हे मी मनात लिहिलं, वहीत नाही.

विषय दुसरा, ऑर्चर्ड एंडचं कुंपण.
चार इंच जास्त. फक्त चार इंच.
डंकन आयव्हरींनी नकाशा आणलेला, शेजारणीनं वकिलाचं पत्र,
आणि मधे बिस्किटांची बशी,
तुम्ही घ्या, नाही आधी तुम्ही.
सरेमध्ये भांडण असंच असतं,
आवाज न चढवता, चक्रवाढ व्याजानं.

विषय तिसरा, भोपळा.
गेल्या सप्टेंबरात पहिला आलेला भोपळा
मालकांनी नाही, माळ्यानं वाढवला होता, अशी तक्रार.
मग बक्षीस कुणाचं?
चर्चा रंगली. कुणी देशी खत काढलं, कुणी प्रामाणिकपणा.
जमीन मालकाची म्हणून भोपळा मालकाचा,
सात विरुद्ध दोन.
माळ्याचं नाव कुणालाच आठवेना.
मलाही नाही, हे खरं सांगते.

अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय.
मिसेस पेटिफरनी चष्मा वर सरकवून काउंटीचं पत्र वाचलं:
चारशे त्रेसष्ट नंबरची बस एप्रिलपासून बंद. प्रवासी अपुरे.
मागून कुणीतरी म्हणालं,
अजून बस येते इथे?

येते. सात चाळीसला.
सकाळी इथून कुणी चढत नाही,
उतरतात.
पबच्या स्वयंपाकघरातला पोरगा, कानात वायर,
साफसफाईच्या दोघी, त्यातली आयरेना
दर गुरुवारी माझ्याकडेही येते,
आणि टेन्डाई, निळा अंगरखा, हातात डबा,
जी म्हाताऱ्या गॅरॉडना उठवते, पुसते,
खिडकीपाशी बसवते,
तेव्हा कुठे त्यांना बाक दिसतो, तळं दिसतं.

चार मिनिटं.
पत्राची नोंद घेण्यात आली.
अनुमोदक, फिलिपा गॅरॉड.
मुलगी.
वाईट नाही ती. बाबा कसे आहेत विचारलं
तर डोळ्यांत पाणी येतं तिच्या.
घड्याळ बघून तिनं हात वर केला, इतकंच.

आणि मी?
लेखनिकाला मत नसतं.
किती सोयीचं असतं ते,
हे दहा वर्षांपूर्वी अर्ज भरताना कळलं नव्हतं.

रात्री घरी बसून वही पक्की केली.
आमचं गाव अजून हातानं लिहितं, परंपरा म्हणून,
माझं अक्षर छान आहे असं सगळे म्हणतात.
अक्षर अण्णांचं. मिरजेत पतसंस्थेचे सचिव होते.
वाक्य ओळीच्या मधेच संपलं
की उरलेल्या जागेत आडवी रेघ मारायचे, पट्टी धरून,
पुढे कुणी काही घुसडू नये म्हणून.
मीही मारते. बाकाच्या पुढे मारली,
कुंपणाच्या पुढे, भोपळ्याच्या पुढे.

पत्राची नोंद घेण्यात आली.
इथे अर्धी ओळ कोरी राहिली.
पट्टी ठेवली. पेन टेकवलं,
शाईचा एक ठिपका पडला तेवढा.
रेघ मारली नाही.

काही घुसडायची हिंमत माझ्यात आहे,
असं समजू नका.
जागा आहे, एवढंच.

पुढची सभा दुसऱ्या मंगळवारी, साडेसात वाजता.
तेव्हा हेही वाचून कायम होईल.